कालव्यावरचे इंजिन

लंडनला जाणारा आपला माणूस आधी कुठे जातो हे या साप्ताहिकाच्या वाचकांना सांगायला नको. आम्हीही गेलो. १०, किंग हेन्रीज रोड. बोधिसत्व बाबासाहेब १९२१-२२ साली शिकत असताना ज्या घरात राहिले, जे महाराष्ट्र शासनाने २०१५ साली विकत घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला स्मारक म्हणून खुले झाले, ते घर. त्या घराविषयी पुष्कळ छापून आले आहे, म्हणून आम्ही ते पुन्हा लिहीत नाही. वंदन करून बाहेर पडलो, तेव्हा डोळे ओले होते एवढेच सांगतो.

लिहायचे आहे ते तिथून चालत थोड्याच वेळात लागणाऱ्या कालव्याविषयी. त्याला रीजंट्स कॅनॉल म्हणतात. १८२० साली पुरा झाला, लांबी सुमारे चौदा किलोमीटर. बाबासाहेब इथे राहत होते तेव्हा या काठच्या वाटेवरून घोडे दोराने होड्या ओढीत असत. आता घोडे नाहीत. आमची भाची तिकडे इस्पितळात नर्स आहे. ती म्हणाली, "मावशी, घरी जायची काय घाई? पाण्याकाठाने चालू या."

चालता चालता कॅमडेनच्या लॉकपाशी आलो आणि दोघेही एकदम थांबलो. टक्-टक्-टक्-टक्... गिरणी! गावाकडची पिठाची गिरणी!

आम्हा दोघांची गावे वेगळी, जिल्हे वेगळे. पण वीज येण्याआधीची गिरणी दोन्ही गावांत एकच होती. एक काळे इंजिन, बाजूला भले मोठे चाक, लांब पट्टा, आणि छपरातून वर गेलेला धुराचा पाइप. तो आवाज शिवारात ऐकू आला की बाया पाट्या घेऊन निघायच्या. आपल्या वस्तीतल्या बायांनी मात्र बाहेर उभे राहायचे. सगळ्यांचे दळून झाले की मग आपले. पाटी खाली ठेवायची, दूर व्हायचे, मग गडी ती उचलणार. आमच्यापैकी एकाला त्या वयात इंजिनाचे भारी वेड होते. दारातून डोकावले तर मिस्त्री ओरडायचा, "हात लावू नको रे, बाटवशील." इंजिन बाटते हे तेव्हा कळले. पुढे ते पोर आयटीआयला गेले, तिथे इंजिनाचे पुस्तक हाती आले, आणि बत्तीस वर्षे रेल्वेच्या वर्कशॉपात डिझेल फिटर म्हणून काढली. दुसरीने अंगणवाडी चालवली. असो. आवाजाने हे सगळे एकदम वर आले, म्हणून सांगितले.

आवाज येत होता एका होडीतून. तिकडे या होडीला नॅरोबोट म्हणतात. रुंदी जेमतेम सात फूट, म्हणजे आपल्या बेस्टच्या बसपेक्षाही कमी, आणि लांबी सत्तर फुटांपर्यंत. हे माप कुणाच्या हौसेने ठरलेले नाही. अठराव्या शतकात इंग्लंडच्या मधल्या भागात कालवे खणले, तेव्हा खर्च वाचावा म्हणून लॉक सात फुटांचेच बांधले. लॉक म्हणजे पाण्याची पायरी. होडी आत घ्यायची, दार लावायचे, वरचे पाणी सोडायचे, की होडी आपोआप वरच्या पातळीला चढते. लंडन ते बर्मिंगहॅम या १३७ मैलांत अशा १६६ पायऱ्या आहेत. पायरी सात फुटांची म्हणून होडी सात फुटांची.

लॉक भरायला वेळ लागतो, त्यामुळे बोलणे झाले. होडीवाला पन्नाशीचा, धंद्याने सुतार. लंडनचे घरभाडे परवडेना म्हणून होडीवरच राहतो. भाचीने दुभाष्याचे काम केले, पण "लिस्टर" हा शब्द कळायला दुभाषी लागला नाही. ग्लॉस्टरशायर परगण्यातल्या डर्स्ली गावी रॉबर्ट अ‍ॅश्टन लिस्टर यांनी १८६७ साली कारखाना काढला. त्या कारखान्याने १९३०च्या सुमारास सी. एस. हे इंजिन बाजारात आणले. सी. एस. म्हणजे कोल्ड स्टार्ट. त्याआधीच्या कित्येक इंजिनांचे डोके स्टोव्हने लालभडक तापवल्याशिवाय ती सुरू होत नसत. हे मात्र थंडगार असताना हँडल मारले की चालू. या होडीतले इंजिन दोन सिलिंडरांचे, बारा हॉर्सपॉवरचे, मिनिटाला अवघे साडेसहाशे फेरे. आजच्या मोटारीचे इंजिन याच्या तिप्पट-चौपट वेगाने फिरते. फेरे कमी, म्हणून झीज कमी, आणि म्हणूनच प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो.

आमच्यातला फिटर धुराकडे बघत होता. धूर निळसर होता. "रिंग गेल्यात," तो म्हणाला. होडीवाल्याने त्याच्याकडे नीट पाहिले आणि म्हणाला, "या, बसा."

अशी आमची रीजंट्स कॅनॉलची सफर झाली. प्राणिसंग्रहालयाच्या पिंजऱ्यांजवळून, झाडांच्या सावलीतून, एका बोगद्यातून लिटल व्हेनिसपर्यंत. वेगाची मर्यादा ताशी चार मैल. माणूस भराभर चालला तर बरोबरीने जाईल. एक बाई सुकाणूजवळ उभी राहून पाणी बघत होती. दुसरा खाली इंजिनखोलीत गेला तो वर आलाच नाही.

होडीवाल्याची अडचण साधी होती. ज्यांना कायमची बांधायची जागा नाही त्यांनी एका ठिकाणी सर्वसाधारणपणे चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबायचे नाही, असा तिकडच्या कालव्यांचा नियम. या कालव्यांचा कारभार २०१२ पासून कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट नावाची संस्था बघते. सरकत राहिले पाहिजे. इंजिन बंद पडले म्हणजे घरच बंद पडले. त्यातून पुन्हा पत्र लिहा, मुदत मागा, कारण दाखवा. तो साउथॉलला जाऊन होडी बांधणार होता आणि इंजिन उघडणार होता. आमची भाची साउथॉललाच राहते. पुढच्या रविवारी येतो म्हणून सांगितले.

त्याने जाता जाता एक खोके दाखवले. त्यात नव्या पिस्टन रिंगा होत्या. इंग्लंडमधल्याच एका दुकानातून मागवलेल्या. खोक्यात भर म्हणून वर्तमानपत्राचे कागद कोंबले होते, ते त्याने जपून ठेवले होते. ही कोणती लिपी, तुम्हाला येते का, म्हणून विचारले. गुजराती होती. आमच्यातली एक लहानपणी चाळीत गुजराती शेजाऱ्यांत वाढली आहे. तिने वाचून दाखवले. मार्केट यार्डातले शेंगदाण्याचे भाव होते.

रिंगा राजकोटच्या होत्या.

यात मोठी गंमत आहे. डर्स्लीतला तो जुना कारखाना आता राहिलेला नाही. इंग्लंडमध्ये सी. एस. इंजिन बनत नाही. पण आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर विहिरींवर पंप बसू लागले, गिरण्या वाढल्या, उसाची गुऱ्हाळे वाढली, आणि परदेशी माल आणणे अवघड होते. तेव्हा हे साधे, ओतीव लोखंडाचे, गावात दुरुस्त होणारे इंजिन राजकोटच्या छोट्या छोट्या कारखान्यांनी जसेच्या तसे बनवायला घेतले. सिलिंडरचा व्यास साडेचार इंच, दट्ट्याची चाल साडेपाच इंच. मापे तीच ठेवली. त्यामुळे राजकोटचा भाग डर्स्लीच्या इंजिनाला लागतो. आपल्या महाराष्ट्रात पुण्याला खडकीत किर्लोस्कर, साताऱ्याला कूपर ही शेतकऱ्याच्या तोंडची नावे. पण लिस्टरच्या नकलेचे माहेरघर राजकोटच.

ही नक्कल सगळी चांगलीच असते असे मात्र नाही. होडीवाले सांगतात की तिकडून आलेले नवे इंजिन आधी पूर्ण खोलून धुवावे लागते. कारण क्रँककेसमध्ये ओतकामाची वाळू तशीच राहिलेली असते, आणि ती तेलात मिसळली की बेअरिंग खाऊन टाकते. आम्हाला हे ऐकून वाईट वाटले. वाळू झाडायला किती वेळ लागतो? पण झाडणाऱ्याला नगावर मजुरी असेल, तर तो नग मोजणार की वाळू, हेही आम्हाला ठाऊक आहे.

सगळ्याच इंजिनांचे असे सोपे नाही. जुन्या नॅरोबोटींत तऱ्हेतऱ्हेची इंजिने आहेत. स्वीडनचे बोलिंडर हे पहिल्या काळातले. ते स्टोव्हने डोके तापवून सुरू करायचे. मागे जायचे तर त्याला गिअर नाही, इंजिनच उलटे फिरवायचे. रसेल न्यूबेरी, नॅशनल, मँचेस्टरजवळच्या पॅट्रिक्रॉफ्टचे गार्डनर, ग्लासगोचे केल्विन. केल्विन आधी पेट्रोलवर सुरू करून मग डिझेलवर घेतात. नॅशनलने आपले दोन सिलिंडरांचे इंजिन रसेल न्यूबेरीच्या परवान्यावर बनवले होते, म्हणून त्या दोघांचे सुटे भाग एकमेकांच्या कामी येतात. रसेल न्यूबेरीच्या मालकांनी आपले मंडळच स्थापन केले आहे. बोलिंडरवाल्यांचे हाल जास्त. एखादा भाग तुटला की कुणाकडे तरी जुना नमुना शोधायचा, पाच-सात जणांनी पैसे एकत्र करायचे, लाकडी साचा करून घ्यायचा आणि सगळ्यांसाठी एकदमच ओतून घ्यायचे. आपल्याकडच्या भिशीसारखे.

आणखी एक कटकट म्हणजे आटे. जुन्या इंग्रजी इंजिनांचे नट-बोल्ट व्हिटवर्थ मापाचे. आजचे मिलिमीटरचे पाने त्यांना बसत नाहीत, बसवले तर कोपरे गोल होतात. आमच्या फिटरने ही चूक नव्या पोरांना करताना शंभरदा पाहिली आहे. त्याच्याकडे घरी व्हिटवर्थचा जुना संच आहे. तो तिकडे नेला नाही याची त्याला त्या रविवारी फार चुटपुट लागली.

मधल्या आठवड्यात आम्ही वुल्व्हरहॅम्प्टनला जाऊन आलो. ते जाणे आधीपासून ठरलेले होते, कारण तिथे आपले बुद्धविहार आहे. बहुतेक मंडळी पंजाबातली, बाबासाहेबांना मानणारी, पन्नास-साठच्या दशकांत कामासाठी आलेली. "जय भीम" झाले, चहा झाला. एका वृद्ध गृहस्थांना इंजिनाची हकीकत सांगितली तसे ते खुलले. त्यांची उभी हयात तिथल्या फाउंड्रीत गेली. "भाईसाहब, गोऱ्यांना नको असलेले काम आम्हाला मिळाले," ते म्हणाले. भट्टीसमोर उभे राहायचे, वितळलेले लोखंड ओतायचे, रात्रपाळी करायची. त्या मुलखाला ब्लॅक कंट्री म्हणतात ते कोळशाच्या काजळीमुळे. सगळा मुलूख फाउंड्र्यांचा होता आणि सगळ्या कालव्याच्या काठी, कारण कोळसा आणि लोखंड होडीनेच यायचे. ऐंशीच्या दशकात एकामागून एक कारखाने बंद पडले.

त्यांनी एक गोष्ट सांगितली ती आमच्या मनातून जात नाही. त्यांचा कारखाना बंद झाला तेव्हा यंत्रे लिलावात गेली, पण लाकडी साचे कुणी घेईना. सागवानी, महोगनीचे, एकेक बनवायला आठवडे लागलेले. ते आवारात रचून पेटवून दिले. "साचा जळाला की तो भाग दुनियेतून गेला," ते म्हणाले. "लोखंड परत मिळते. साचा परत मिळत नाही." मग आम्हाला घेऊन ते कालव्यावर आले. वुल्व्हरहॅम्प्टनला एका रांगेत एकवीस लॉक आहेत. पहिल्या लॉकच्या लोखंडी कठड्यावर त्यांनी बोट ठेवले आणि कडेची एक बारीक रेघ दाखवली. "इथे साच्याचे दोन भाग जुळतात." आम्ही तो कठडा दहा वेळा पाहिला असता तरी ती रेघ दिसली नसती.

रविवारी साउथॉल. भाचीने धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. होडी बुल्स ब्रिजजवळ बांधलेली होती. पूर्वी इथे ग्रँड युनियन कंपनीच्या मालवाहू होड्यांचा मोठा तळ होता. आता त्या जागी सुपरमार्केट आहे. जवळच साउथॉलमध्ये मुरंब्याचा एक कारखाना होता. त्याच्यासाठी अ‍ॅदरस्टनहून होड्यांनी कोळसा यायचा. ती शेवटची नियमित लांब पल्ल्याची वाहतूक १९७० साली थांबली.

या मालवाहू होड्यांवर राहणाऱ्या माणसांविषयी तिकडे खूप पुस्तके निघतात, चित्रे निघतात. रंगवलेल्या बादल्या, गुलाबांची फुले, पितळेच्या मुठी. वास्तव असे की मागच्या टोकाला दहा फुटांपेक्षाही आखूड खोली असायची आणि तिच्यात नवरा, बायको, पोरे. इंजिन आल्यावर एक मोटरहोडी आणि तिच्या मागे दोराने बांधलेली दुसरी, अशी जोडी चालू लागली. दोन्ही मिळून पन्नास टनांच्या आसपास माल. पगार नवऱ्याला, आणि दुसऱ्या होडीचे सुकाणू बायकोच्या हातात, फुकट. पोरे लॉकची दारे ढकलायची. काठावरचे लोक त्यांना जवळ करीत नसत, चोर म्हणत, घाणेरडे म्हणत. जॉर्ज स्मिथ नावाचे गृहस्थ होते. ते स्वतः लहानपणी वीटभट्टीवर राबलेले. त्यांच्या खटपटीने १८७७ आणि १८८४ साली कायदे झाले. खोलीत माणसे किती असावीत, पोरांनी शाळेत जावे, हे त्यात आले. पण आज इथे, उद्या वीस मैलांवर, अशा पोरांनी कुठल्या शाळेत जायचे? पिढ्यान्पिढ्या निरक्षर राहिल्या.

ही जीवनपद्धती लोपली म्हणून पुष्कळ इंग्रज हळहळतात. आम्हाला तसे हळहळणे जमले नाही. बापाचा धंदा मुलाने, आजीचे सुकाणू नातीने, हे वाचायला गोड वाटते. १९५६ नंतर आपल्या माणसांनी मेलेली ढोरे ओढायचे सोडले, तेव्हाही कुणी कुणी हळहळलेच होते. त्या पोरी शाळेत गेल्या, जमिनीवरच्या घरात राहू लागल्या, हे फार चांगले झाले. फक्त एक झाले की इंजिनाच्या आवाजावरून रोग ओळखणारे कान त्यांच्याबरोबर गेले. ते कुठे लिहिलेले नव्हते. लिहिलेले राहिले ते कारखान्याचे पार्ट्स बुक.

ते पुस्तक होडीवाल्याने इंजिनखोलीत फळीवर ठेवले होते. तेलकट, कडा फाटलेल्या. प्रत्येक भागाचे चित्र आणि प्रत्येकाला नंबर. स्क्रूलासुद्धा नंबर. हा सुतार इंजिन कुणाकडून शिकला? याच पुस्तकातून. त्याचा बाप पोस्टमन होता.

मग त्याने पाना आमच्या फिटरच्या हातात दिला.

इथून पुढचे ज्यांना यंत्राची आवड नाही त्यांनी सोडले तरी चालेल. हेड काढले. खालचे दार उघडून कनेक्टिंग रॉडचे बोल्ट सोडले. सिलिंडरच्या वरच्या कडेला कार्बनची कंगोरी झाली होती, ती आधी खरवडली, नाहीतर पिस्टन वर येताना अडकतो. पिस्टन वर ओढले. जुन्या रिंगा खाचांत चिकटून बसल्या होत्या, एक तर तुटलेलीच. नवी रिंग थेट पिस्टनवर चढवायची नसते. आधी ती नुसती सिलिंडरमध्ये सरळ बसवून दोन टोकांतली फट फीलर गेजने मोजायची. फट फार कमी असेल तर गरम झाल्यावर टोके भिडतात आणि रिंग तुटते. राजकोटच्या दोन रिंगांची फट कमी निघाली. बारीक कानस घेऊन टोके घासली, मोजली, पुन्हा घासली. एक संच व्यवस्थित बसला. दुसऱ्या संचातली एक रिंग मात्र खोक्यातच तुटलेली होती. तिच्या जागी जुन्यातली त्यातल्या त्यात बरी साफ करून लावली. फिटरला ते मुळीच आवडले नाही. पण तिसरा इलाज नव्हता, चौदा दिवसांतले नऊ संपले होते.

हे चालू असताना होडीवाल्याने विचारले, हे इंजिन तुम्हाला आधीपासून माहीत होते काय? भाची आमच्या तोंडाकडे बघू लागली. आम्ही गिरणीची गोष्ट सांगितली, पाटीची, मिस्त्रीची. भाचीने इंग्रजीत सांगितली. तिने ती आधी ऐकलेली नव्हती. तिच्या जन्माआधीच गिरणी विजेवर गेली होती. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग काळ्या हातानेच त्याने धपाट्याचा तुकडा मोडला आणि म्हणाला, त्या मिस्त्रीकडे हे पुस्तक होते का? आम्ही म्हटले, बहुधा नसावे. असते तरी वाचता आले असते की नाही, कुणास ठाऊक.

संध्याकाळी डिकम्प्रेशनची खुंटी उचलली, हँडल मारले. एकाच्या दमात फ्लायव्हील फिरेना, म्हणून दोघांनी मिळून मारले. खुंटी सोडली. एक ठोका, मग पांढरा धूर, मग दुसरा ठोका, आणि टक्-टक्-टक् सुरू. निळा धूर पुष्कळ कमी झाला होता. गेला नव्हता.

मुंबईला आल्यावर तिसऱ्या दिवशी नागदेवी स्ट्रीटवर गेलो. पार्ट्स बुकातला नंबर कागदावर उतरवून आणला होता. काउंटरवरच्या पोराने कागद वाचलासुद्धा नाही. "लिस्टर टाइप? सिक्स-वन?" म्हणून विचारले आणि मागच्या फळीवरून खोके काढून दिले. आम्ही ते उघडून एकेक रिंग उजेडात धरून पाहिली. पोराला राग आला असावा. पोस्टाचा खर्च रिंगांच्या किमतीपेक्षा जास्त झाला. खोक्यात भर म्हणून या साप्ताहिकाचा जुना अंक घातला. त्याच्यावर काय लिहिले आहे, हे तो आता कुणाला विचारतो ते बघायचे.

त्याच्याबरोबर फिटरने आपला अर्ध्या इंचाचा व्हिटवर्थ पानाही पाठवून दिला आहे.